काचेवरचा संग्रह आणि एक नाव : राजा दीनदयाळ यांच्या छायाचित्रांचा पुनर्विचार

दापोली तालुक्यातील बुरोंडीसारख्या किनाऱ्यावरच्या गावात जुन्या घराच्या ओटीवर अथवा माजघरात एखादे तरी जुने छायाचित्र टांगलेले आढळावे. जाड पुठ्ठ्यावर चिकटविलेली तांबूस छटेची प्रत, तिच्या तळाशी मुंबईतील एखाद्या स्टुडिओचे वेलबुट्टीदार नाव, आणि चित्रात खुर्चीवर ताठ बसलेले, पगडी घातलेले एक गृहस्थ. घरातील माणसांना त्या गृहस्थांचे नाव व नाते सांगता येते. ज्याने ते चित्र घेतले त्याच्याविषयी काहीच सांगता येत नाही. ज्या काचेवरून ती प्रत उमटविली गेली ती काच तर केव्हाच नाहीशी झालेली असते. किनाऱ्याची दमट व खारी हवा ही काचेवरील जिलेटिनच्या थराची वैरीण होय. पावसाळ्याचे चार महिने बंद पेटीत राहिलेल्या काचांवर बुरशी धरते, थर सुटू लागतो व चित्र पापुद्र्यासारखे निघून येते. शिवाय काच ही स्वतःच मोल असलेली वस्तू. काम संपलेल्या निगेटिव्हचा थर खरवडून ती तसबिरीला वा खिडकीला बसविण्याची रीत देशोदेशी होती. यास्तव एकोणिसाव्या शतकातील भारतीय छायाचित्रणाचा अभ्यास हा बहुतांशी विखुरलेल्या प्रतींचा अभ्यास झाला आहे. एखाद्या छायाचित्रकाराचे संपूर्ण काम, त्यातील चांगले-वाईट, विकले गेलेले व न गेलेले, एकत्र पाहण्याची संधी क्वचितच लाभते.

ही संधी ज्या संग्रहाने दिली तो म्हणजे राजा दीनदयाळ यांच्या स्टुडिओचा संग्रह. दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने इ. स. १९८९ मध्ये दीनदयाळांच्या कुटुंबीयांकडून काचेच्या २८५७ निगेटिव्ह विकत घेतल्या, आणि २०१० मध्ये त्यांतील निवडक चित्रांचे प्रदर्शन भरविले. त्याआधी १९८० मध्ये क्लार्क वॉर्सविक यांनी त्यांच्या चित्रांचे पुस्तक प्रसिद्ध केले होते. पुढे २०१३ मध्ये डेबोरा हटन व दीपाली देवान यांचा विस्तृत ग्रंथ आला. या सर्व उद्योगामुळे दीनदयाळ हे नाव आज 'भारताचे पहिले मोठे कलावंत-छायाचित्रकार' अशा बिरुदासह वावरते. बिरुदाला हरकत घेण्याचे कारण नाही. परंतु बिरुदामागे जो संग्रह आहे तो तेच सांगतो काय, हा प्रश्न विचारावयास हवा. आणि तो विचारला तर उत्तर थोडे वेगळे, काहीसे अडचणीचेही मिळते.

चरित्राचा भाग थोडक्यात सांगता येईल. दीनदयाळ यांचा जन्म १८४४ मध्ये मेरठजवळील सरधना येथे एका जैन कुटुंबात झाला. रुडकीच्या थॉमसन कॉलेजात त्यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले व १८६६ मध्ये ते इंदूर येथे सार्वजनिक बांधकाम खात्यात अंदाजपत्रककार व आरेखक म्हणून रुजू झाले. १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला. इंदूरचे महाराज दुसरे तुकोजीराव होळकर यांनी त्यांना उत्तेजन दिले. या कलावंताचा पहिला आश्रयदाता एक मराठी दरबार होता, ही गोष्ट मराठी कलेतिहासकारांनी फारशी लक्षात घेतलेली नाही. १८७५-७६ मध्ये इंग्लंडच्या युवराजाची हिंदुस्थानात स्वारी झाली तेव्हा दीनदयाळांना चित्रे घेण्याची संधी मिळाली. १८८२ मध्ये मध्य हिंदुस्थानचे एजंट सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर त्यांनी बुंदेलखंडाचा दौरा केला व त्या चित्रांवर आधारलेला मध्य हिंदुस्थानातील वास्तूंचा ग्रंथ १८८६ मध्ये ग्रिफिन यांच्या नावे प्रसिद्ध झाला. त्यानंतर सरकारी नोकरी सुटली, हैदराबादचे निजाम महबूब अलीखान यांचा आश्रय मिळाला, सिकंदराबाद येथे १८८६ मध्ये व मुंबई येथे १८९६ मध्ये स्टुडिओ निघाले. 'राजा मुसव्विर जंग' ही पदवी निजामाने दिली. १९०५ मध्ये त्यांचा मृत्यू झाला.

दीनदयाळांचा उल्लेख 'स्वयंशिक्षित' असा केला जातो. हा शब्द आज वापरला जातो त्या अर्थाने तो त्या काळास लागू पडत नाही. १८७४ मध्ये छायाचित्रण शिकण्यासाठी जावे असे स्थिर विद्यालयच येथे फारसे नव्हते. मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रकारांची एक संस्था स्थापन झाली होती आणि भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या कार्यात अग्रभागी होते. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ मध्ये छायाचित्रणाचा वर्गही निघाला, पण तो फार काळ चालला नाही. हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारख्यांनी लवकरच मुंबईत स्वतःचा धंदा थाटला. या सर्वांचे शिक्षण पुस्तिकांतून, औषधविक्रेत्यांकडून, एखाद्या हौशी लष्करी अधिकाऱ्याच्या सहवासातून आणि मुख्यतः वाया गेलेल्या काचांतून झाले. त्या पिढीतील जवळजवळ प्रत्येक छायाचित्रकार स्वयंशिक्षितच होता. तेव्हा या विशेषणाने एकाचे वेगळेपण सिद्ध होत नाही. खरा प्रश्न असा की, कॅमेरा हाती येण्यापूर्वी त्या माणसाला काय येत होते? नारायण दाजींना वैद्यक येत होते. दीनदयाळांना मोजमाप येत होते.

हे मोजमाप त्यांच्या वास्तुचित्रांत पदोपदी दिसते, आणि या संग्रहातील खरी कला तेथेच आहे. ग्वाल्हेर, खजुराहो, ओरछा, दतिया, सांची या स्थळांची त्यांची चित्रे पाहताना प्रथम जाणवते ती कॅमेऱ्याच्या जागेची निवड. तिकाटणे कोठे रोवायचे हा निर्णय येथे सौंदर्यदृष्टीने घेतलेला नसून जणू आराखडा काढण्यासाठी घेतलेला असतो. इमारतीची मुख्य बाजू व तिला काटकोनात असलेली दुसरी बाजू या दोन्हींचे प्रमाण वाचता यावे, पाया व शिखर दोन्ही चौकटीत राहावीत, उभ्या रेषा ढळू नयेत, ही ती शिस्त. १८६३ ते १८७० या काळात हिंदुस्थानात वावरलेल्या सॅम्युअल बोर्न या इंग्रज छायाचित्रकाराशी तुलना केली म्हणजे हा फरक ठसठशीतपणे पुढे येतो. बोर्न यांना इमारतीआधी देखावा हवा असतो. पुढे झुकलेले झाड, पाण्यातील प्रतिबिंब, मागे धूसर होत गेलेली टेकडी यांतून ते इंग्रजी जलरंगचित्राची आठवण करून देतात. दीनदयाळ झाडाचा आडोसा घेत नाहीत. दगड दगडासारखा दिसावा, जोत्याची उंची कळावी, एवढ्यावर ते थांबतात. आणि या थांबण्यातूनच एक गंभीर शांतता निर्माण होते.

या शांततेला तंत्राचाही हातभार आहे. त्यांनी आरंभी जी ओली कलोडियन प्रक्रिया वापरली तीत काचेवर थर चढविणे, चित्र घेणे व ते उमटविणे ही सर्व कामे थर ओला असतानाच उरकावी लागत. अंधारखोलीचा तंबू बरोबर नेल्यावाचून गत्यंतर नसे. दौऱ्यावर असताना एका स्थळी मोजक्याच काचा खर्ची पडत, म्हणून प्रत्येक काचेमागे पूर्वविचार असे. शिवाय त्या काळचा थर निळ्या प्रकाशाला फार व तांबड्याला अगदी कमी प्रतिसाद देई. परिणामी मध्य हिंदुस्थानचा तांबूस वालुकाश्म गडद उमटे आणि आकाश मात्र कोरे, पांढरेफटक राही. अनेक छायाचित्रकारांनी या कोऱ्या आकाशाला दोष मानले व दुसऱ्या काचेवरचे ढग आणून त्यात छापले. दीनदयाळांच्या वास्तुचित्रांत हे कोरे आकाश आरेखकाच्या कागदासारखे काम करते. शिखराची बाह्यरेषा त्यावर पेनाने ओढल्यासारखी उठते. जो दोष होता तो शैलीत जिरला. ही किमया जाणूनबुजून केली की सवयीने झाली याचा निर्णय चित्रांवरून करता येणार नाही, आणि त्याची फारशी आवश्यकताही नाही.

या संदर्भात ज्युडिथ मारा गटमन यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या मताचा विचार करावा लागतो. भारतीय छायाचित्रकार पाश्चात्यांहून निराळ्या दृष्टीने पाहत, त्यांची चित्रे लघुचित्रांप्रमाणे सपाट असत व एकाच दृष्टिबिंदूचे बंधन ती मानीत नसत, असा त्या मताचा आशय. रंग भरलेल्या अनेक व्यक्तिचित्रांना हे लागू पडत असेलही. परंतु दीनदयाळांची वास्तुचित्रे नेमकी याच्या उलट साक्ष देतात. त्यांतील यथादर्शन कठोर आहे, एकाच बिंदूतून काढलेले आहे. ते रुडकीच्या रेखाटन-वर्गाचे यथादर्शन आहे. भारतीय कलावंताचे भारतीयत्व त्याच्या नजरेच्या ठेवणीत शोधण्याचा मोह आकर्षक असला, तरी येथे तो फसवा ठरतो. दीनदयाळांनी साहेबाचे हत्यार साहेबाच्याच शिस्तीने चालविले, आणि साहेबाहून काटेकोर चालविले. राष्ट्रीय अभिमानाला हे उत्तर कदाचित अपुरे वाटेल. ते सत्याला अधिक जवळचे आहे.

येथवर एक माणूस, एक तिकाटणे व एक नजर असा हिशेब मांडता येतो. सिकंदराबादेपासून तो मांडता येत नाही. १८८० नंतर बाजारात तयार कोरड्या काचा सुलभ झाल्या, तंबूची गरज संपली, आणि छायाचित्रण हा एका माणसाचा उद्योग न राहता कारखान्याचा उद्योग होऊ शकला. दीनदयाळांच्या स्टुडिओत चित्र घेणारे, काचा धुणारे, रीटचिंग करणारे, प्रती छापणारे, पुठ्ठ्यावर चढविणारे असे अनेक लोक काम करीत. पुत्र ज्ञानचंद व धरमचंद हेही धंद्यात होते व पुढे संस्थेचे नाव 'राजा दीनदयाळ आणि सन्स' असे झाले. १८९२ मध्ये पडदानशीन स्त्रियांसाठी निघालेला जनाना स्टुडिओ तर एका इंग्रज बाईंच्या देखरेखीखाली चाले. तेथे पुरुषाला प्रवेशच नव्हता, म्हणजे खुद्द दीनदयाळांनाही नव्हता. तेथे घेतलेल्या चित्रांवर मात्र नाव त्यांचेच. एका विभागात ज्याची नजर कायद्यानेच निषिद्ध होती, त्या विभागातील चित्रांचा कर्ताही तोच ठरावा यात जी विसंगती आहे ती हसण्यावारी नेण्याजोगी नाही. 'दीनदयाळ' हे येथे व्यक्तिनाम न राहता पेढीचे नाव झाले आहे.

काचांवरील क्रमांक याच पेढीचे आहेत. प्रती काढताना हे क्रमांक, कधी स्थळाचे नाव व स्टुडिओची सही, चित्राच्या कोपऱ्यात उमटत. गिऱ्हाइकाने पुन्हा मागणी केल्यास काच सापडावी हा त्यांचा हेतू. आज संग्रह अभ्यासणारा मनुष्य त्याच क्रमांकांना कलावंताच्या विकासाचा कालक्रम मानू लागतो, आणि येथे घोटाळ्यास प्रारंभ होतो. पॅरिसच्या युजीन ॲत्जे यांच्या बाबतीत हा घोटाळा पूर्वीच उघड झाला आहे. ॲत्जे यांनीही छायाचित्रण विद्यालयात शिकलेले नव्हते. चित्रकारांना व संग्रहालयांना जुन्या पॅरिसची चित्रे पुरविणे हा त्यांचा चरितार्थ. त्यांचा मोठा साठा १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने घेतला व त्यातून एका थोर कलावंताची प्रतिमा उभी राहिली. रोझालिंड क्राउस यांनी १९८२ मध्ये त्यावर आक्षेप घेतला. ॲत्जे यांचे क्रमांक हे विषयवार सूचीचे क्रमांक आहेत, त्यांतून कलावंताच्या मनाचा प्रवास वाचणे म्हणजे दप्तरखान्याला आत्मचरित्र समजणे होय, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख. दीनदयाळ-संग्रहास हा आक्षेप ॲत्जेहूनही अधिक लागू पडतो, कारण ॲत्जे निदान एकटे काम करीत.

तथापि आक्षेप येथेच सोडून देणे सोयीचे असले तरी न्याय्य नाही. नावाखाली अनेक हात होते म्हणून नजरही अनेक होत्या असे आपोआप सिद्ध होत नाही. मूर्तिकाराच्या कारखान्यात अनेक कारागीर असतात व तरीही कारखान्याला हातोटी असते. मग दीनदयाळांच्या स्टुडिओची हातोटी कोठे टिकली व कोठे हरवली हे चित्रांच्या वर्गवारीनुसार तपासावयास हवे.

व्यक्तिचित्रांत ती हरवली असे स्पष्टच म्हणावे लागेल. निजामाचे उमराव, त्यांची मुले, इंग्रज अधिकारी व त्यांच्या मडमा, यांची ही चित्रे तांत्रिकदृष्ट्या निर्दोष आहेत. प्रकाश मवाळ आहे, कापडाचा पोत उत्तम उमटला आहे, जरीच्या कामाचा तर टाका मोजून घ्यावा. परंतु रंगविलेला पडदा, गालिचा, कोरीव खुर्ची, कोपरावर टेकलेला हात ही सर्व सामग्री त्या काळच्या कोणत्याही प्रतिष्ठित स्टुडिओची होती. पुठ्ठ्यावरील नाव झाकले तर यांतील अनेक चित्रे कलकत्त्याच्या अथवा मुंबईच्या दुसऱ्या पेढीची म्हणून खपतील. बसणाऱ्याला जसे दिसावयाचे आहे तसे दाखविणे हा व्यक्तिचित्राच्या धंद्याचा धर्मच. त्यात छायाचित्रकाराची नजर जितकी कमी आडवी येईल तितका धंदा चांगला. दीनदयाळांचा धंदा फार चांगला चालला.

याउलट राजवाड्यांच्या अंतर्भागांच्या चित्रांत इंदूरचा अंदाजपत्रककार पुन्हा भेटतो. फलकनुमा, बशीरबाग अशा प्रासादांची दिवाणखान्यांची चित्रे पाहावीत. माणूस नाही. झुंबरे, आरसे, विलायती खुर्च्या, पडदे, गालिचे, पितळी दिवे यांनी खच्चून भरलेल्या खोल्या कोपऱ्यातून, डोळ्याच्या उंचीवरून, प्रत्येक वस्तूला समान स्पष्टता देऊन टिपलेल्या आहेत. अंधुक प्रकाशामुळे काच बराच वेळ उघडी ठेवावी लागे, म्हणून हलणारे काहीही तेथे चालले नसते. हे सर्व चित्र एखाद्या मालमत्तेच्या यादीसारखे आहे. वैभव दाखवा अशी आज्ञा होती, आणि आज्ञेचे अक्षरशः पालन केले आहे. इतके अक्षरशः, की वैभवाचे रूपांतर जणू वस्तूंच्या गोदामात झाले आहे. दीनदयाळांना येथे उपरोध करावयाचा होता असे मानण्यास आधार नाही. पण मोजणाऱ्या नजरेला स्तुती करता येत नाही, तिला फक्त मोजता येते. आणि म्हणून ही चित्रे आश्रयदात्याच्या हेतूहून अधिक बोलतात. या संग्रहातील उत्कृष्ट चित्रांत त्यांची गणना झाली पाहिजे.

आता त्या चित्रांकडे वळावयाचे, ज्यांच्यापुढे हा सर्व विचार अवघड होतो. १८९९-१९०० च्या दुष्काळात हैदराबाद संस्थानातील औरंगाबाद भागात सरकारने जी निवारणाची कामे काढली त्यांची छायाचित्रे स्टुडिओने घेतली. मराठवाड्यातील भुकेल्या माणसांची ही चित्रे त्याच पेढीची आहेत, जिच्या आणखी एका प्रसिद्ध चित्रात १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन व त्यांच्या पत्नी मारलेल्या वाघापाशी उभे आहेत. एकाच फडताळात, एकाच क्रमांक-पद्धतीत, हे दोन्ही विषय बसले. संग्रहाची स्तुती करणारे लेखन याला 'विषयांची व्यापकता' म्हणते. हा शब्द येथे थोडा निर्दय वाटतो.

दुष्काळाचे छायाचित्र घेणारे दीनदयाळ पहिले नव्हेत. १८७६-७८ च्या मद्रास इलाख्यातील दुष्काळात विलोबी हूपर या लष्करी अधिकाऱ्याने हाडांचे सापळे झालेल्या माणसांना गटाने बसवून चित्रे घेतली होती व त्याबद्दल इंग्लंडातही त्याच्यावर टीका झाली. हूपरची चित्रे पाहवत नाहीत. औरंगाबादची चित्रे पाहवतात, आणि त्यांची खरी अडचण तीच आहे. यांचा विषय भूक नसून भुकेवर सरकारने केलेली व्यवस्था हा आहे. माणसे समूहाने आहेत, कामावर किंवा अन्नवाटपाच्या ठिकाणी आहेत. चौकट स्थिर आहे, अंतर राखलेले आहे. हे अंतर सभ्यतेचे म्हणावे तर हूपरच्या क्रौर्यापुढे ते नक्कीच सभ्य आहे. परंतु पलटणीच्या संचलनाचे, दरबाराच्या बैठकीचे व उपाशी माणसांच्या जमावाचे चित्र एकाच अंतरावरून, एकाच शिस्तीने घेतले जाते, तेव्हा त्या शिस्तीची मर्यादा उघडी पडते. मंदिराचे जोते मोजण्यास जी नजर पुरली, राजवाड्याची झुंबरे मोजताना जिने नकळत सत्य सांगितले, ती माणसांच्या रांगेपुढे आली तेव्हा तिने रांगच मोजली.

हा दोष दीनदयाळांच्या माथी सर्वस्वी मारणे योग्य नव्हे. चित्रे मागविणाऱ्या सरकारला आपल्या कार्याची नोंद हवी होती व त्यासाठीच त्याने पैसे मोजले. तसेच ही पेढी त्या वेळी किती हातांनी चालत होती हे वर सांगितलेच आहे. पण एवढे मान्य करूनही समीक्षकाला निर्णय टाळता येत नाही. जे नाव ओरछाच्या चित्रांचे श्रेय घेते त्याला औरंगाबादच्या चित्रांचे उत्तरदायित्वही घ्यावे लागेल. पेढीचे नाव म्हणून एकात सुटका आणि कलावंताचे नाव म्हणून दुसऱ्यात गौरव, अशी दुहेरी सोय संग्रहाचे गौरवकार सध्या करून घेतात. दीनदयाळांना थोर छायाचित्रकार म्हणणाऱ्यांनी निदान ते कोणत्या चित्रांमुळे थोर व कोणत्या चित्रांत थोर नाहीत हे सांगावयास हवे. दर प्रदर्शनात तीच साठसत्तर सुंदर चित्रे पुढे येतात, आणि हजारो काचांतील पुनरावृत्ती, कंटाळवाणा पाठपुरावा, नोकरीचा शीण दिसतच नाही. संग्रहाचे मोल मात्र त्यातही आहे. प्रती विखुरल्या असत्या तर फक्त सुंदर चित्रेच राहिली असती. काचा टिकल्या म्हणून बाकीचेही टिकले.

काच व प्रत यांतील आणखी एक भेद लक्षात घेण्याजोगा आहे. स्टुडिओतून गिऱ्हाइकाच्या हाती जाणारी प्रत ही कापलेली, डाग काढलेली, चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पेन्सिलीने पुसलेली असे. व्यक्तिचित्राच्या कडेला पडदा जेथे संपतो व उघडी भिंत किंवा अंगणातील जमीन दिसू लागते तो भाग छापताना वगळला जाई. हल्ली निगेटिव्हवरून ज्या नव्या प्रती काढल्या जातात त्यांत पुष्कळदा पूर्ण काच दाखविली जाते. आधुनिक प्रेक्षकाला कडेची ती उघडी भिंत फार आवडते; त्यात त्याला अकृत्रिमता, किंबहुना विनोदही दिसतो. पण उमरावाने पैसे दिले होते ते ती भिंत न दिसण्याचे. म्हणजे आज 'दीनदयाळांचे चित्र' म्हणून जे पाहिले जाते ते कित्येकदा दीनदयाळांनी कधी कोणाला दाखविलेच नव्हते. जुनी कापलेली प्रत व तीच काच पूर्णरूपाने अशी जोडी जेथे जेथे मिळते तेथे ती शेजारी ठेवून चौकटीचा निर्णय कोणी व कसा घेतला हे पाहणे शक्य आहे. वास्तुचित्रांत काच व प्रत यांत फारसा फरक पडू नये, कारण तेथे चौकट जागेवरच ठरलेली असे. व्यक्तिचित्रांत तो मोठा पडावा. ही तपासणी एकेका क्रमांकाने, कंटाळा न करता झाली, तर इंदूरचा आरेखक कोणत्या काचेपर्यंत कॅमेऱ्यामागे उभा होता आणि कोणत्या काचेपासून तो कचेरीतल्या टेबलाशी जाऊन बसला, याचा बराचसा अंदाज बांधता येईल. औरंगाबादच्या काचांपासून ती सुरू करावी.